गिरणी पुन्हा उभी करायची, पण कुणाच्या डोळ्यांनी?

भुईकोट किल्ला, बंद पडलेल्या कापडगिरण्या, १९३० चा मार्शल लॉ. हा सोलापूरचा वारसा पुढच्या पिढीपर्यंत कसा पोचवायचा असा विषय निघाला, की हल्ली कुणीतरी हमखास व्हीआरचं, म्हणजे हेडसेट घालून आभासी जागेत नेणाऱ्या तंत्राचं, नाव काढतं आणि लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, किल्ल्यात चार हेडसेट ठेवा, बुरुजांवरून फिरवून आणणारी फिल्म दाखवा, पर्यटक आपोआप येतील. दुसरा तट म्हणतो, ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे ही चैन कशाला? शिवाय यात कला कसली, हे जत्रेतलं खेळणं. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडची माणसं यंत्राबद्दलच बोलतात: हेडसेट कोणता, केवढ्याला, किती दिवस टिकेल. गोष्ट कोणती, ती कोण सांगणार आणि ऐकणारा माणूस त्या गोष्टीत नेमका कुठे उभा असणार, हे कुणीच विचारत नाही. व्हीआर आणि एआर (खऱ्या जागेवर मोबाइलमधून चित्र आणि आवाज चढवणारं तंत्र) ही गोष्ट सांगण्याची खरीखुरी माध्यमं आहेत, सोलापूरकडे त्यांना साजेशा गोष्टी आहेत आणि त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र तो पैसा आधी लेखनावर, मग आवाजावर, मग प्रेक्षकाला सांभाळणाऱ्या माणसावर आणि सगळ्यात शेवटी यंत्रावर जायला हवा. हा क्रम पाळायचा नसेल, तर दुसऱ्या तटाचं ऐकून तो पैसा वाचवावा.

समर्थक मंडळी सिनेमाचा दाखला फार लवकर देतात. सिनेमालाही लोक खेळणंच समजत होते, पुढे काय झालं बघा! हा दाखला अर्धाच खरा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या, तेव्हा पडद्यावर स्टेशनात शिरणारी आगगाडी होती, म्हणजे निव्वळ देखावा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ साली. देखाव्यापासून गोष्टीपर्यंत यायला आपल्याकडे सतरा वर्षं लागली हे खरं. पण देखाव्यावरच संपलेली यंत्रंही इतिहासात आहेत, त्यांची आठवण कुणी काढत नाही. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये गोल पॅनोरमाचं पेटंट घेतलं. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर चढायचं आणि चहूबाजूंनी पसरलेलं चित्र पाहायचं. लोकांनी गर्दी केली, पुढे कित्येक दशकं असे पॅनोरमा गावोगावी निघाले आणि सिनेमा आल्यावर मागे पडले. दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवून खोलीचा भास देणारा स्टिरिओस्कोप चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडला. तोही घरोघरी पोचला आणि पुढे माळ्यावर गेला. डोक्यावर चढवायचा संगणकी पडदा आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये करून दाखवला होता. तेव्हा ‘माध्यम नवीन आहे, थोडा वेळ द्या’ ही सबब आता चालणार नाही.

मग काही यंत्रांचं माध्यम का होतं आणि काही अडगळीत का जातात? याचं उत्तर शोधायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. असे जादूचे कंदील परदेशातून आलेलेच होते, यंत्र काही त्यांनी शोधलं नव्हतं. पटवर्धनांनी त्यात घातली ती पुराणातली कथा, निवेदन आणि संगीत. चित्रं अशी रंगवली की एकामागून एक सरकवली की पात्रं हलल्याचा भास व्हावा. यंत्र सामान्य होतं, सांगणं असामान्य होतं. पॅनोरमात नेमकं हेच नव्हतं. तिथे पाहणाऱ्याला सगळीकडे पाहता येत होतं, पण आपण इथे का आहोत हे त्याला कुणी सांगत नव्हतं. आज किल्ल्याच्या बुरुजांवरून ड्रोनसारखी फिरणारी जी व्हीआर फिल्म सुचवली जाते, ती या पॅनोरमाचीच पुढची पिढी आहे. एकदा पाहून झाली की दुसऱ्यांदा कुणी कशासाठी येईल?

व्हीआरमध्ये लेखकाला पहिल्याच ओळीत एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: पाहणारा या जागेत कोण आहे? सिनेमात हा प्रश्न येत नाही, कारण प्रेक्षक खुर्चीत आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. हेडसेट घातला की ती खुर्ची नाहीशी होते. मान वळवली की मागची भिंत दिसते, खाली पाहिलं की फरशी दिसते, आणि स्वतःचे पाय मात्र दिसत नाहीत. अशा वेळी समोरचं पात्र त्याच्याकडे बघतं की त्याच्या आरपार, यावर सगळं अवलंबून असतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात विड्या वळणाऱ्या बाईची गोष्ट घ्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. इथे कॅमेरा नेहमीच्या सवयीने दीड मीटरवर लावला, तर पाहणारा तिच्या डोक्यावर उभा राहतो. तपासायला आलेल्या मुकादमाची जागा नकळत त्याच्या वाट्याला येते. तोच कॅमेरा फरशीपासून पाऊण मीटरवर आणला आणि पाहणाऱ्यालाही खुर्चीऐवजी सतरंजीवर बसवलं, की तो शेजारीण होतो. संहितेतला एक शब्द न बदलता गोष्ट बदलली. मात्र कॅमेऱ्याची उंची आणि पाहणाऱ्याची बैठक जुळायलाच हवी. उभ्या उंचीवरून घेतलेलं चित्र बसून पाहिलं तर अंग तरंगल्यासारखं होतं आणि काही जणांना त्यानेच मळमळतं.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम आक्षेप इथेच येतो. कथा सांगणं म्हणजे निवड करणं. काय दाखवायचं, काय लपवायचं, कधी जवळ जायचं हे सांगणाऱ्याच्या हातात हवं. प्रेक्षक वाटेल तिकडे मान फिरवणार असेल, तर दिग्दर्शक उरलाच कुठे? आक्षेप खरा आहे. क्लोज-अप गेला, झटपट कट गेला, चौकट तर मुळातच गेली. पण चौकटीविना गोष्ट सांगता येत नाही असं महाराष्ट्रात राहून म्हणायचं? कीर्तनात कुठे क्लोज-अप असतो? पूर्वरंगात बुवा अभंग उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि हजार माणसांचे डोळे कुठे वळायचे हे टाळ-मृदंगाने, थांबलेल्या शब्दाने, पुढे टाकलेल्या एका पावलाने ठरतं. व्हीआरमध्येही डोळा वळतो तो कानामुळे. मागे दार उघडणार असेल, तर कडीचा आवाज एक-दोन सेकंद आधी त्याच दिशेने यायला हवा. माणूस आपसूक वळतो आणि आपणच ते पाहिलं असं त्याला वाटतं. पहिली वीस-तीस सेकंदं महत्त्वाचं काहीही घडवू नये, कारण तेवढा वेळ जो तो जागाच न्याहाळत असतो. मुख्य घडामोड समोरच्या दीडशे अंशांत ठेवावी आणि पाठीमागे फक्त वातावरण. चाळीस सेकंदांच्या आत दृश्य बदललं, तर पाहणाऱ्याचा पाय तिथे रोवतच नाही. अशी शिस्त ज्याला असते त्याला माध्यमच म्हणतात. सोलापुरात ही शिस्त शिकवण्याइतके नाटकवाले आहेत. त्यांना यात अजून कुणी बोलावलेलं नाही, एवढंच.

यंत्रमागाच्या शेडमध्ये हे सगळं कसाला लागतं. दोन रांगांमधली वाट जेमतेम मीटरभर. ३६० अंशांच्या साध्या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावून दोन भिंगं असतात आणि दोन्ही चित्रं जिथे जोडली जातात, तिथे मीटरभराच्या आतली वस्तू तुटते: हाताला दोन मनगटं येतात, मागाची चौकट वाकडी होते. म्हणून भिंगांची तोंडं दोन्ही बाजूंच्या मागांकडे करावीत. जोड मग वाटेच्या लांबीवर येतो, जिथे सगळं दूर असतं. विणकर वाटेतून चालत येणार असेल, तर त्याला दीड मीटरवर थांबवावं. फार दूरही ठेवता येत नाही. ५.७के कॅमेऱ्याचे ५७६० बिंदू पूर्ण वर्तुळात वाटले, की एका अंशाला फक्त १६ येतात, आणि निरोगी डोळा साधारण ६० टिपू शकतो. तीन मीटरवरच्या चेहऱ्यावरचे भाव त्यात पुसले जातात. ट्यूबलाइटचा प्रकाश ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० वर नसेल, तर सगळी शेड लुकलुकते. त्या शटरवर धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, मात्र दिसत नाही, नुसती रेघ उमटते. तो आवाजातूनच पोचवावा लागतो. जमीन सतत हादरते, म्हणून स्टँडखाली जाड रबर हवं. आणि सुताचा तूस उडत असल्याने दर टेकआधी भिंग पुसायला हवं, कारण भिंगावर बसलेला एक धागा हेडसेटमध्ये आभाळाएवढा दिसतो.

आवाजाचं तर विचारू नका. चालू शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वरचा खडखडाट असतो आणि त्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. नवखे लोक संकलनात मागांचा आवाज खाली ओढतात आणि वर निवेदन चढवतात. त्या क्षणी शेड खोटी होते, कारण तिथे काम केलेल्या कुणालाही तो खडखडाट हाडांतून माहीत असतो. त्याऐवजी चार कॅप्सूलच्या दिशादर्शक माइकने, म्हणजे कोणता आवाज कुठून आला तेही टिपणाऱ्या माइकने, पूर्ण आवाज नोंदवावा आणि तो तसाच राहू द्यावा. मग वीज जाऊ द्यावी. माग एकेक करत थांबतात, पट्ट्यांची घरघर विरते, आणि त्या शांततेत विणकर पहिल्यांदा बोलतो. इथल्या प्रत्येक शेडने हे अनुभवलेलं आहे. सिनेमातही हे दाखवता येईल, पण खडखडाटाच्या मध्यावर उभं राहून तो चहूबाजूंनी ओसरताना ऐकणं सिनेमात मिळत नाही. मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डचंही तसंच. १८०४ सालच्या त्या युक्तीत पुठ्ठ्याच्या भोकांवर धागा उचलायचा की नाही ते ठरतं, हे पुस्तकात वाचून मुलं विसरतात. डोक्यावरून सरकणारी पुठ्ठ्यांची माळ, एक भोक, एक आकडी, उचललेला एक ताणा (उभा धागा), आणि समोर चादरीवर उमटलेली फुलाची एक कड, हे सगळं स्वतःच्या शरीराच्या मापाने पाहिलं की लक्षात राहतं.

दुसरा आक्षेप एकटेपणाचा. आपली कला समूहाची आहे, आणि हे यंत्र माणसाला डोळे झाकून कोपऱ्यात बसवतं. हे मी निम्मं मान्य करतो. पुस्तकही एकट्यानेच वाचायचं असतं, त्याला आपण कमी लेखत नाही. पण पुस्तक वाचणाऱ्याला शेजारचा माणूस दिसत असतो. यावर उपाय आहे. जत्रेतल्या बायोस्कोपच्या पेटीला डोळा लावणारं पोर एकटंच असायचं, पण पेटीवाल्याचं गाणं सगळ्यांना ऐकू जायचं. तसंच इथे ध्वनी खोलीभर वाजू द्यावा, निवेदक खोलीत जिवंत हजर असावा, आणि हेडसेट उतरवल्यावर बोलायला जागा असावी. हेडसेटच्या आधी आणि नंतर काय घडतं ते किती मोलाचं, हे दिग्दर्शक आलेहांद्रो इन्यारितू यांच्या ‘कार्ने इ अरेना’ या स्थलांतरितांवरच्या व्हीआर कलाकृतीने २०१७ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सिद्ध केलं: आधी थंड खोलीत बूट काढून थांबायचं, मग अनवाणी वाळूत उतरायचं, मग हेडसेट, आणि बाहेर पडताना खऱ्या स्थलांतरितांचे चेहरे. निम्मं काम वाळूने केलं होतं.

खर्चाचा आणि गर्दीचा हिशोब मात्र समर्थकांनी कधीच नीट मांडलेला नाही, म्हणून तो इथे मांडतो. चार हेडसेट, नऊ मिनिटांचा अनुभव, घालणं-काढणं-पुसणं यांना सहा मिनिटं. म्हणजे पाव तासाला चार माणसं, तासाला सोळा, सहा तासांत शहाण्णव. साठ मुलांचा वर्ग आला तर पावणेचार तास. ही मर्यादा लपवू नये. शेजारच्या खोलीत खरा जॅकार्ड, खऱ्या कांड्या, हाताने भरायचा धोटा ठेवला तर थांबलेली मुलं रिकामी राहत नाहीत, आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठ्ठावीस हजार माणसं होतात. पण त्यासाठी प्रत्येक पाळीला दोन शिकवलेली माणसं लागतात, आणि निविदेत नेमकी तीच नसतात. अंबाड्यावर गजरा असेल तर मागचा पट्टा कुठे बसवायचा, चष्मा आत कसा सरकवायचा, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर कसं जुळवायचं, कुंकू आणि घाम लागलेली चेहऱ्याची गादी कशी पुसायची, हे त्यांना यायला हवं. गादी सिलिकॉनचीच घ्यावी, फोम घाम पितो. भिंगांना स्पिरिट लावू नये, कोरडं मायक्रोफायबर पुरे. आणि हेडसेट उन्हात, भिंगं वर करून, क्षणभरही ठेवू नये: भिंग ऊन एकवटून पडदा जाळतं, तो डाग कायमचा. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात पत्र्याखाली ही यंत्रं तापून बंद पडतात, तेव्हा खोली थंड हवी. मळमळीचा दोष लोक उगाच स्वतःच्या नाजूकपणाला देतात. बहुतेक वेळा तो करणाऱ्याचा असतो. कॅमेरा हलवला, क्षितिज तिरकं ठेवलं, किंवा चित्रं सेकंदाला ७२ च्या खाली घसरली, की डोळा ‘चाललो’ म्हणतो आणि कानातला तोल ‘बसलोय’ म्हणतो. कॅमेरा स्थिर ठेवावा, अनुभव दहा मिनिटांच्या आत संपवावा, आणि दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. २०१५ मध्ये जॉर्डनच्या झातारी छावणीतल्या सिद्रा नावाच्या सीरियन मुलीवरची ३६० अंशांची फिल्म गाजली आणि तिच्या निर्मात्यांपैकी एक, क्रिस मिल्क यांनी व्हीआरला सहानुभूतीचं यंत्र ठरवलं. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं: आठ मिनिटं दुसऱ्याच्या दुःखात उभं राहून आलेला माणूस बाहेर पडून चहा पितो, त्याला खरंच काय कळलं? कळल्याचा समाधानी भास मात्र मिळतो. हा प्रश्न सोलापूरला थेट लागू आहे. १९३० च्या आंदोलनातले सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. या विषयावर कुणी व्हीआर करायला घेतलं, की पहिली कल्पना सुचते ती पाहणाऱ्याला फाशीच्या तख्तावर उभं करण्याची. ते करू नये. त्या चौघांच्या जागी उभं राहण्याचा अधिकार तिकिटाने मिळत नाही, आणि गळ्याशी आलेला दोर पाहून अंगावर येणारा काटा म्हणजे इतिहासाची जाण नव्हे. पाहणाऱ्याला साक्षीदाराची जागा द्यावी. मे १९३०, लष्करी कायदा लागलेला, एका घराची खोली, दार आतून लावलेलं, फटीतून येणारा उजेड. बाहेर बुटांचे आवाज डावीकडून उजवीकडे जातात. घरातली माणसं हळू आवाजात बोलतात, आणि त्यांतलं कुणीतरी तुमच्याकडे बघून बोटाने गप्प राहायला सांगतं. तुम्ही काही करू शकत नाही, आणि तुम्हाला दिसतही काही नाही. साक्षीदाराला आपण दुसऱ्याचं दुःख भोगलं असं वाटत नाही. आपण त्या वेळी काय केलं असतं हा प्रश्न तो घरी घेऊन जातो.

एआरचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची तारीफ गरजेपेक्षा जास्त झाली आहे. भर दुपारी मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही, जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं, फोन तापतो, आणि हात वर धरून दोन-तीन मिनिटांत दंड भरून येतो. म्हणून एका ठिकाणी दीड मिनिटाच्या वर काही ठेवू नये, आणि ते मुख्यतः ऐकायचं असावं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली ६८ लिंगं शहरभर विखुरलेली आहेत. जागोजागी थांबत उलगडणारी ती गोष्ट सोलापूर नंदीध्वजांच्या मिरवणुकीतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. एआरला इथे खरं काम आहे, पण ते यात्रेच्या दिवसांत नाही. जानेवारीत जिथे लाखो पावलं चालतात आणि नेटवर्क कोलमडतं, तिथे कुणाच्या हातात फोन देऊ नये. उरलेल्या वर्षात एखादं लिंग कुठल्या भिंतीआड आहे हे शेजारच्यालाही माहीत नसतं. तेव्हा गोष्ट ऐकवावी, आणि इंटरनेटशिवाय चालेल अशी आधीच उतरवून ठेवलेली.

राहिला टिकण्याचा मुद्दा. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. कंपन्या येतील-जातील यात शंका नाही. म्हणून करारात ॲप मिळालं की काम झालं असं लिहू नये. मूळ चित्रीकरण, जोडून तयार केलेली पूर्ण वर्तुळाची फिल्म, दिशादर्शक आवाजाच्या वेव्ह फाइल, त्रिमितीय प्रतिकृती खुल्या स्वरूपात आणि त्या ज्यांवरून बनल्या ते सगळे फोटो, एवढं दोन डिस्कवर पालिकेच्या ताब्यात यायला हवं. यातून पुढच्या कुठल्याही यंत्रासाठी नवी आवृत्ती काढता येते. संवाद भाषेप्रमाणे वेगळ्या ट्रॅकवर ठेवावेत: मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. हेडसेटमध्ये मान वळली की अक्षरं नजरेआड जातात, म्हणून नुसत्या सबटायटल्सवर भागत नाही. आणि पद्मशाली विणकराने स्वतःची गोष्ट स्वतःच्या तेलुगूत सांगावी. ती पुस्तकी मराठीतल्या निवेदकाच्या तोंडी घालू नये.

सगळ्यात निकडीचं काम यंत्राशिवायचं आहे. १८७४ सालच्या जुन्या मिलपासून पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांतले कामगार आता म्हातारे झाले आहेत. त्यांचे आवाज आजच नोंदवायला हवेत: पंखा बंद केलेल्या खोलीत, भिंतींना चादरी टांगून, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, ध्वनिमुद्रणाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आयुष्याची कहाणी विचारू नये, जागा विचारावी. भोंगा झाल्यावर घरातून निघताना पहिलं वळण कुठलं? खात्यात शिरताना उजव्या हाताला काय होतं? वास कशाचा यायचा? कोण कुठे उभं राहायचं, डबा कुठे ठेवायचे, मुकादम कुठल्या खिडकीतून बघायचा? या उत्तरांवरून खातं पुन्हा उभं करता येतं, आणि ती नसतील तर कितीही महागडी प्रतिकृती रिकामीच राहते. हेडसेटची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल. तोवर यंत्रं आणखी हलकी झालेली असतील.